घोण (मोठी गोम) तीन आठवडे काही खात नाहीये, वेटोळं करून बसलीये. काय करू?

कुडाळचो_झील

नमस्कार मंडळी. इथे कोळी, विंचू, साप यातलं कळणारे बरेच जण आहेत म्हणून इथे विचारतोय, फेसबुकच्या एका ग्रुपवर विचारलं तर निम्म्या लोकांनी "चपलेने मार" एवढंच लिहिलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गावी होतो. बाबा परसातला जुना गडगा (चिऱ्यांची कुंपणभिंत) काढून नवीन घालून घेत होते, एकेक चिरा काढताना खालच्या थरातून ही घोण निघाली. गड्यांनी लगेच फावडं उचललं. मी मधे पडलो, लोणच्याची रिकामी बरणी पालथी घातली आणि खालून पुठ्ठा सरकवला. डोकं तांबूस, पाठ काळपट हिरवी, पाय पिवळे आणि शेवटची जोडी लांब. बरणीच्या तळाला आडवी झाली तेव्हा बाहेरून पट्टी लावून मोजली, साधारण १३ सेमी. आई म्हणाली, "ता काय पाळूचा जनावर आसा? चावली तर काय करतलस?" पण मला लहानपणापासून हिची भीती कमी आणि नवल जास्त वाटत आलंय, म्हणून पुण्याला घेऊन आलो.

प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात ३-४ सेमी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) टाकलं, वर कौलाचा तुकडा, बाटलीच्या झाकणात पाणी. झाकणाला बारीक भोकं पाडलीत. पहिले पंधरा-वीस दिवस मस्त खात होती. रातकिडा सोडला की आधी काहीच व्हायचं नाही, मग त्याची मिशी हिला कुठेतरी लागली की एका झटक्यात पुढचे आठ-दहा पाय त्याच्याभोवती आवळायचे आणि मग कितीतरी वेळ शांतपणे चावत बसायची, सकाळी फक्त पंख आणि मागच्या तंगड्या उरलेल्या असायच्या. असे चार रातकिडे खाल्ले आणि त्यानंतर बंद. आता तीन आठवडे झाले, कौलाखाली डब्याच्या भिंतीला चिकटून गोल वेटोळं करून बसलीये, मी दोनदा कौल उचलून बघितलं तर हलतसुद्धा नाही, फक्त मिशा थोड्या हलवते. जिवंत आहे एवढं नक्की. आजारी आहे का? पुण्याची हवा मानवली नाही का? जबरदस्तीने खायला घालायचं असतं का?

अजून एक, घरात अडीच वर्षांची मुलगी आहे. बायकोने आत्तापर्यंत सांभाळून घेतलंय पण तिची काळजी मला पटते. त्यामुळे चावण्याबद्दलपण खरं काय ते सांगा.

---

टॅरान्चुला_ठाणे

भाऊ, सगळ्यात आधी ते कौल उचलणं थांबव. आजपासून बंद. बाकीचं नंतर.

मी सहा वर्षं गोमी ठेवतोय (त्याआधी कोळी), आत्ता चार आहेत. तू सांगतोयस त्यावरून दोनच शक्यता वाटतात. एक म्हणजे कात टाकायची तयारी, त्याआधी मोठ्या गोमी कधी दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त खात नाहीत, अंग फुगल्यासारखं आणि रंग मळका दिसतो. पण कात टाकणारी गोम सहसा लांब पसरलेली असते. तीन आठवडे एकाच जागी घट्ट वेटोळं आणि डिवचलं तरी पळत नाही, हे मला अंडी वाटतंय. मादी अंडी घालते आणि त्यांच्याभोवती गुंडाळून बसते, पोट आणि पाय आतल्या बाजूला, पाठ बाहेर, अंडी जमिनीला टेकूच देत नाही, पायांच्या झोळीत धरून ठेवते. मधूनमधून चाटते, त्याने बुरशी लागत नाही. या काळात ती खात नाही, शिकारीला उठत नाही. आणि तिला सारखं डिवचलं की ती स्वतःची अंडी स्वतःच खाऊन टाकते. माझ्याकडे पहिल्या वर्षी नेमकं हेच झालं, मी उत्साहाने रोज टॉर्च मारून फोटो काढत होतो आणि पाचव्या दिवशी एकही अंडं शिल्लक नव्हतं. अजून वाईट वाटतं त्याचं.

नर दिसला नाही मग अंडी कुठून, असं विचारशील म्हणून आत्ताच सांगतो. यांच्यात मिलन विंचवासारखंही नाही आणि कोळ्यासारखंही नाही. नर जमिनीवर रेशमाची छोटी जाळी विणतो, त्यावर बीजाची पुडी ठेवतो, मादी ती उचलून घेते आणि साठवून ठेवते. तुझी घोण गडग्यातच भेटून आली असणार.

आता डबा. ३-४ सेमी कोकोपीट फार कमी आहे, निदान ८-१० हवं म्हणजे तिला बीळ करता येतं. पण आत्ता बदलू नकोस!! पिल्लं सुटी होईपर्यंत आहे तसंच राहू दे. आत्ता फक्त ओल सांभाळ. गोमेचं खरं दुखणं ओलीचं आहे, भुकेचं नाही. कीटकांच्या अंगावर मेणासारखा थर असतो तसा हिच्या अंगावर नीट नसतो आणि श्वासाची छिद्रंपण बऱ्याचशा कीटकांसारखी मिटता येत नाहीत, त्यामुळे कोरड्या हवेत ती अक्षरशः वाळून मरते. महिनाभर उपाशी राहील पण कोरड्या डब्यात दोन दिवस काढणं कठीण. म्हणून ती बसलीये त्याच्या विरुद्ध कोपऱ्यात चमच्याने थोडं थोडं पाणी ओत, ते खालून झिरपत जाईल. तिच्या अंगावर स्प्रे मारू नकोस. एक बाजू ओली, एक बाजू जरा सुकी, असं ठेवलं की ती स्वतः ठरवते कुठे बसायचं. पाणी साचून चिखल झाला तर मात्र बुरशी आणि माइट्स येतात.

झाकणाचं काय केलंयस? नुसतं दाबून बसणारं असेल तर आजच्या आज क्लिपवाला डबा घे, हा डबा अख्खा त्यात ठेव. डोकं जिथून जातं तिथून पूर्ण गोम जाते, अंग चपटं करते. प्लास्टिकची जाळी कुरतडते, स्टीलची लाव. काचेची टाकी घेणार असशील तर कोपऱ्यातल्या सिलिकॉनवरून सरळ चढते हे लक्षात ठेव, उंची तिच्या लांबीच्या दीडपट तरी हवी. आणि हात आत घालायचा नाही, कधीच नाही, २५-३० सेमीचा चिमटा मिळतो तो घे. हातावर घेऊन व्हिडिओ काढणारे लोक बघून शिकू नकोस प्लीज. गोमेला माणसाचा लळा लागत नाही, तिला तू म्हणजे एक गरम, थरथरणारी जागा आहेस. ती बघण्यासाठी पाळायची असते.

---

सिस्टर_रत्नागिरी

मी नर्स आहे, पावसाळ्यात घोण चावलेले पेशंट आमच्याकडे नेहमी येतात, बहुतेक शेतात किंवा लाकडं उचलताना चावलेले, काही जण तर अंथरुणात. म्हणून चावण्याबद्दल मी लिहिते.

चावते म्हणजे तोंडाने नाही. डोक्याखालची पायांची पहिली जोडी नख्यांसारखी झालेली असते, त्यात विष असतं. मागचे दोन लांब पाय म्हणजे नांगी हा समज चुकीचा आहे. जागेवर दोन टोचल्यासारख्या खुणा दिसतात. दुखणं भयंकर असतं, मोठी माणसं रडताना पाहिलीत मी. सूज, लाली, कधी काखेत किंवा जांघेत गाठ येते. साधारण काही तासांत उतरायला लागतं, काहींना दोन दिवस ठणका राहतो. धडधाकट माणसाचा जीव जाणं अतिशय दुर्मिळ आहे. पण लहान मूल, म्हातारं माणूस, हृदयाचा त्रास असलेलं किंवा ॲलर्जीवालं माणूस असेल तर घरी थांबायचंच नाही. श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला, चक्कर आली, अंगभर गांधी उठल्या तर लगेच दवाखाना.

घरी काय करायचं? साबण-पाण्याने धुवायचं, अंगठी-बांगडी सूज यायच्या आत काढायची, आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४३ ते ४५ अंश, अर्धा तास हात किंवा पाय बुडवून ठेवायचा. आधी दुसऱ्या माणसाच्या हाताने पाणी तपासा, चावलेल्याला भान नसतं आणि भाजून घेतो. काहींना बर्फाने बरं वाटतं, तेही चालेल. धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं नसेल तर घ्यायचं. जखम कापायची नाही, चोखायची नाही, दोरी आवळायची नाही, चुना थापत बसायचं नाही.

एक गैरसमज अजून. कोकणात सगळ्यांना माहितीये की महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून किती जीव वाचवले, त्यामुळे घोण चावली तरी लोक "ती विंचवाची गोळी द्या" म्हणतात. ती गोळी लाल विंचवाच्या विषाने हृदयावर होणाऱ्या परिणामासाठी आहे, घोणीसाठी नाही. सापाचं औषधपण हिच्यावर चालत नाही. घोणीसाठी वेगळं प्रतिविष नाही, वेदना आणि ॲलर्जी सांभाळायची एवढंच.

दादा, तुमची मुलगी अडीच वर्षांची आहे. त्या वयात डबा उघडायला येतो. कुलूप लावता येईल अशा कपाटात, उंचावर ठेवा, आणि चावी मुलीचा हात पोचणार नाही अशा जागी. हे मी घाबरवायला सांगत नाहीये, तुम्ही विचारलंत म्हणून मनापासून सांगतेय.

---

पाणवठा

माझं मत वेगळं आहे, राग मानू नये. ज्या गडग्यात ती पाच-सात वर्षं राहिली असेल तो तिचा. मोठ्या गोमी दहा वर्षंपण जगतात, म्हणजे तुमच्या मुलीपेक्षा ती वयाने मोठी असू शकते. तुम्ही तिला फावड्यातून वाचवलंत हे फार चांगलं केलंत. पण नवीन गडगा झाल्यावर ती तिथेच सोडली असती तर बरं झालं असतं. आपल्याकडे लोक गोम म्हणजे गोम एवढंच म्हणतात, पण सह्याद्रीत यांच्या कितीतरी जाती आहेत ज्या जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या जाह्नवी जोशी आणि लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे ग्रेगरी एजकोंब यांनी २०१८ मध्ये एथमोस्टिग्मस या वंशातल्या नव्या जाती जाहीर केल्या, त्यातल्या एकीचं नावच सह्याद्रेन्सिस. २०१८ म्हणजे कालपरवा. आपल्या परसातल्या प्राण्याला अजून नाव मिळायचं बाकी असू शकतं आणि आपण ऑनलाइन विकत बसलोय, याचा मला मनापासून त्रास होतो.

मी स्वतः तीन वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून दक्षिणेतली काळ्या-केशरी पट्ट्यांची गोम मागवली होती, जिला वाघगोम म्हणतात ती. कुरियरने चार दिवसांनी आली. डब्यात टिश्यू पेपर होता, तो पूर्ण कोरडा, आणि आत ती मेलेली, वाळलेल्या चिंचेसारखी. मी पैसे दिले म्हणून कोणीतरी तिला जंगलातून उचललं. त्यानंतर मी पाळणं सोडलं, आता रात्री टॉर्च घेऊन बघायला जातो फक्त. आणि हे सगळ्यांसाठी, अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय एक किडासुद्धा उचलणं गुन्हा आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते स्पष्ट आहे.

---

टॅरान्चुला_ठाणे

@पाणवठा तुमचं बरोबर आहे, विकत घेण्याबद्दल तर शंभर टक्के. मीपण आता जंगलातून पकडलेली घेत नाही, आमच्या तिघा-चौघांत घरी झालेली पिल्लं एकमेकांना देतो. पण घरात बघितल्याशिवाय मला हिच्याबद्दल माया वाटली नसती हेही खरं.

---

नवी_मुंबई_बाल्कनी

मधेच विचारते, सॉरी. आमच्या बाथरूममध्ये लांब लांब पातळ पायांची, पिसासारखी दिसणारी गोम येते, फार जोरात पळते. ती पण चावते का? मारावी का?

---

टॅरान्चुला_ठाणे

नका मारू. ती घरगोम, तिला पायांच्या १५ जोड्या. झुरळांची पिल्लं आणि कोळी खाते, माणसाला चावल्याचं क्वचितच ऐकू येतं. गंमत म्हणजे ती जन्मते फक्त चार जोड्या घेऊन आणि दर कातेला पाय वाढत जातात. घोण मात्र अंड्यातून निघतानाच २१ जोड्या घेऊन येते (काही जातींत २३). पूर्ण वाढलेल्या सगळ्या गोमींत पायांच्या जोड्या विषमच, म्हणून बरोबर शंभर पायांची गोम सापडत नाही, कितीही शतपाद म्हटलं तरी. आणि एखादा पाय तुटला तर पुढच्या एक-दोन कातींत परत येतो.

---

कुडाळचो_झील

सगळ्यांचे मनापासून आभार. अंडीच आहेत!!!

कौल नाही उचललं. ती भिंतीला चिकटून आहे ना, तर मोबाईलच्या टॉर्चवर पतंगाचा लाल कागद दुमडून लावला आणि बाहेरून प्लास्टिकमधूनच बघितलं, अर्धा मिनिट. पायांच्या मधे पिवळसर, साबुदाणा भिजल्यावर दिसतो तसे दाणे, एकमेकांना चिकटलेले, मला पंचवीसेक तरी मोजता आले. एक दाणा जरा खाली घसरला होता तर तिने मान वळवली, तोंडाजवळच्या छोट्या पायांनी तो उचलला, फिरवून फिरवून चाटला आणि परत आत ढकलला. मी तिथेच फरशीवर बसून राहिलो. बायकोला हाक मारली, तिनेपण बघितलं, ती काही बोलली नाही पण जाताना म्हणाली की कपाटाला कुलूप मी आणते.

आता डबा क्लिपवाल्या मोठ्या डब्यात आहे, तो कुलूपबंद कपाटात. पाणी विरुद्ध कोपऱ्यातून. प्रश्न एवढाच की पुढे काय? पिल्लं किती दिवसांनी? तिला काही खायला ठेवू का? आणि पाणवठा, तुमचं पटलंय, गणपतीला गावी जाणारच आहे.

---

टॅरान्चुला_ठाणे

फार छान बातमी. रातकिडा टाकू नको, जिवंत रातकिडा अंड्यांना तोंड लावेल आणि ती अस्वस्थ होईल. फक्त पाणी.

अंडी फुटली की आधी पांढरी, आंधळ्या अळीसारखी पिल्लं निघतात, ती धड चालत नाहीत, आईच्या पायांतच राहतात. तिथे कात टाकतात, हळूहळू रंग येतो. अंड्यांपासून सुटी होईपर्यंत माझ्याकडे साधारण दोन महिने लागले, पण ऊब आणि जात यावर कमी-जास्त होतं. पिल्लं डब्यात इकडेतिकडे फिरायला लागली की तिचं काम संपलं, आणि तेव्हा ती प्रचंड उपाशी असते. त्या दिवसानंतर उशीर करू नकोस, पिल्लं वेगळी काढ नाहीतर एकमेकांना खातील आणि तीपण खाईल. लहान झाकणाच्या डब्या आत्ताच जमवून ठेव, प्रत्येक पिल्लाला वेगळी, तळाला बोटभर ओलं कोकोपीट आणि सुकलेल्या पानाचा तुकडा. नर्सरीतली खत-औषध मारलेली माती घेऊ नकोस. आईला चिमट्याने आधी बरणीत घे, पिल्लं नंतर मऊ ब्रशने ढकलून डबीत. आणि घरातली झुरळं देऊ नकोस, कुठे औषध खाऊन आली असतील सांगता येत नाही.

---

श्टुटगार्टवासी

कुडाळचो_झील, तुझी पोस्ट वाचून फार बरं वाटलं. इथे जर्मनीत हाम नावाच्या गावात टेरारिस्टिका म्हणून मोठा बाजार भरतो, तिथे मी एकदा गेलो होतो. टेबलांवर पारदर्शक डब्यांच्या रांगा, प्रत्येक डबीत एकेक गोम, थायलंडची, पेरूची. दक्षिण अमेरिकेतली ३० सेमीपर्यंत वाढणारी पण होती, तिच जी व्हेनेझुएलाच्या गुहेत छताला लटकून वटवाघळं पकडते. लोक फार अभ्यासू होते, ओल-तापमानाच्या वह्या ठेवणारे. पण आपल्याकडची वाघगोम डबीत बघून मला घशात आवंढा आला, एवढ्या लांब येऊन. माझी आजी दापोलीला न्हाणीघरात घोण दिसली की सुपलीत घेऊन नारळीच्या आळ्यात नेऊन सोडायची, मारायची नाही. ते आठवलं एकदम.

---

कुडाळचो_झील

अपडेट द्यायला उशीर झाला, मंडळी.

ऑगस्टच्या सुरुवातीला पांढरी पिल्लं दिसली, शेवटच्या आठवड्यात रंग आला, डोकी तांबूस आणि अंग निळसर करडं. घोण तोपर्यंत अर्धी झाली होती, बाजूच्या कडा आत गेलेल्या. मग एका रात्री साडेअकराला बघतो तर पिल्लं डब्याच्या भिंतीवर चढतायत आणि ती कौलाबाहेर येऊन पाण्याच्या झाकणात तोंड घालून बसलीये, किती वेळ पीत होती. त्याच रात्री वेगळी केली. मी आणि बायको दोघं, जाड हातमोजे, चिमटा, ब्रश, दोन वाजले. एकोणीस पिल्लं मिळाली. आईला दुसऱ्या दिवशी मोठा रातकिडा दिला, तो तिने हातातून हिसकावल्यासारखा चिमट्यातून ओढून घेतला.

गणपतीला गाडीत पायाशी थर्माकोलची पेटी, त्यात पिल्लांच्या डब्या आणि घोणीची बरणी, वरून ओला टॉवेल. गौरी-विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी पाऊस थांबल्यावर नव्या गडग्याच्या मागे, जिथे बाबांनी जुने फुटके चिरे ढीग करून ठेवलेत तिथे गेलो. घरापासून लांब आहे, कोणी हात घालत नाही. बरणी आडवी केली. ती लगेच नाही निघाली. आधी मिशा बाहेर काढून चिऱ्याला लावल्या, मग अर्धी बाहेर येऊन थांबली, मग दोन चिऱ्यांच्या फटीत शिरली, मागचे लांब पाय शेवटी गेले. सतरा पिल्लं त्याच ढिगात वेगवेगळ्या फटींत सोडली. आई छत्री धरून उभी होती, म्हणाली, "पुढच्या पावसात हय लाकडा ठेवू नको रे."

दोन ठेवलीत. डब्या पुण्याला त्याच कपाटात, कुलपात. लांबी अजून अडीच सेमीपण नाहीये. ठाणेकर, एवढ्या लहान पिल्लांना रातकिड्याची तंगडी तोडून दिली तर खातील का, की अगदी बारीक रातकिडेच शोधावे लागतील? पुण्यात कोणाकडे घरी वाढवलेले असतील तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन.